खोलीत आज सहा जण आहेत

१

आमच्या विद्यापीठात माझं काम नोंदी ठेवण्याचं. सकाळी साडेआठला कार्यालय उघडायचं, चहाचं पाणी ठेवायचं, खिडकीतल्या कुंडीत कालचा उरलेला चहा ओतायचा आणि लिहायला बसायचं. बैठकीला कोण आलं, कोण आलं नाही, कोण काय म्हणालं. च्याई शहराबाहेरच्या या टेकडीवर एकोणतीस वर्षं मी हेच करत आले आणि माझ्या हजेरीत एकदाही चूक निघालेली नाही. बढाई मारत नाही. पुढचं सगळं मी मोजून सांगतेय, एवढं लक्षात असू द्या.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी झान बाई माझ्या टेबलापाशी आल्या. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक, चाळिशीला एक वर्ष कमी, पायांत कायम चिखलाने माखलेले बूट. मागून त्यांचा तीन पायांचा कुत्रा, मुळा. पांढराशुभ्र आणि लांबुडका, म्हणून मुळा. त्यांच्या हातात पाकीट होतं.

"सूयुए ताई, हे कुणाकडे द्यायचं असतं?"

पाकिटावर त्यांनी नीट अक्षरात 'राजीनामा' लिहिलं होतं.

"आधी बसा," मी म्हटलं. "चहा घ्या. राजीनामा उभ्याउभ्या देत नाहीत."

त्या बसल्या आणि रडायला लागल्या. मुळ्याने आपलं डोकं त्यांच्या बुटावर ठेवलं.

झालं होतं असं. विद्यापीठामागच्या डोंगरात त्या चार वर्षं खवले मांजरं मोजत होत्या. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांत सदतीस मांजरं सापडली, आणि त्यातल्या अकरांच्या शेपट्या कुरतडलेल्या. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या त्यांना घेरत होत्या. टीव्हीवाल्यांनी विचारलं तेव्हा बाईंनी शांतपणे सांगितलं, की जंगलात आत जाऊन कुत्र्यांना खाऊ घालू नका, कुत्री खाली आणा, त्यांना निवारा द्या. टीव्हीने त्यातले नऊ सेकंद दाखवले. त्या नऊ सेकंदांत बाई एवढंच म्हणत होत्या, "कुत्री डोंगरातून काढलीच पाहिजेत."

"किती मेल आल्या?" मी विचारलं.

"शनिवारपासून चारशे बारा. कुत्र्यांची खाटीक म्हणतात मला. एकाने माझ्या आईच्या सोयादुधाच्या दुकानाचा पत्ता टाकलाय. आई म्हणते, गिऱ्हाईक वाढलं तर बरंच. तिला कळत नाहीये, ताई."

"सगळ्या वाचल्यात?"

"न वाचून कसं चालेल? कोण काय करणार आहे ते कळायला नको?"

मी पाकीट खणात टाकलं आणि खणाला कुलूप लावलं. "मिळालं," म्हटलं. "पण आज माझा नोंदवहीचा दिवस नाही."

२

दुपारी कुलगुरूंकडे बैठक झाली. विधी विभागाच्या फांग बाई आल्या होत्या. अंगाने बारीक, आवाजाने दणदणीत. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला.

कुलगुरू माणूस वाईट नाहीत. घाबरट आहेत. म्हणाले, "झान बाईंनी महिनाभर रजा घ्यावी. आपण काही बोलू नये. लोक विसरतात."

"म्हणजे दगड मारणारे रस्त्यावर आणि डोकं फुटलेली घरात?" फांग बाई म्हणाल्या. "वा सर. मग उद्या लसीवर बोलणाऱ्याला रजा, परवा इतिहास शिकवणाऱ्याला रजा. शेवटी तुम्ही आणि शिपाई उराल."

कुलगुरू माझ्याकडे वळले. "ताई, हे नका लिहू."

"सर, लिहून झालं."

ते हसायलाच लागले. त्या हसण्यावर काम झालं. संध्याकाळपर्यंत विद्यापीठाच्या मुख्य पानावर तीन ओळी लागल्या: झान बाईंचं संशोधन आमचं आहे, त्यांना आलेली धमकी आम्हाला आलेली समजू, पटत नसेल तर वाद घाला, उत्तर मिळेल. बाईंचा फोन नंबर आणि खोली क्रमांक यादीतून काढला. त्यांच्या आईच्या दुकानावर स्थानिक पोलिसांची फेरी सुरू झाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाईंच्या मेल बाईंनी वाचायच्या नाहीत असं ठरलं. त्या आम्ही वाचायच्या.

आम्ही म्हणजे कोण? फांग बाई. मी. संगणक विभागातला लिएन, ज्याला माणसांपेक्षा तारा जास्त कळतात. आणि दिंग सर, नाट्यविभागातून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"मला वाचायला येतं," ते म्हणाले, "आणि घरी बायको मला बोलू देत नाही."

३

जागा मिळाली जुन्या ग्रंथालयाच्या तळघरातली वाचनखोली. अकरा वर्षं बंद होती. बावीस पायऱ्या उतरून जायचं. लांब टेबल, सहा खुर्च्या, छताशी आडव्या तीन खिडक्या. त्यांतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. आवाज मात्र विचित्र घुमायचा. एका टोकाला कागद उलटला की दुसऱ्या टोकाला उलटल्यासारखा वाटायचा.

तीन ट्रे मांडले. धमकी असेल तर लाल ट्रे, ती सरळ पोलिसांकडे. शिवीगाळ असेल तर पिवळा, ती तारीखवार फाइलला. खरंखुरं मतभेदाचं पत्र असेल तर पांढरा, त्याला बाई उत्तर देणार. लिएनने मेल छापून काढणारं यंत्र लावलं आणि त्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवली, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. आमच्याकडे सगळेच ठेवतात.

"हिरवीच हं," त्याने बजावलं. "पिवळी ठेवली की यंत्र आजारी पडतं. आणि कुणी खायची नाही."

पहिला दिवस वाईट गेला. माणसं इतकं घाण लिहू शकतात हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं. चौथी मेल मला शेवटपर्यंत वाचवेना. तेव्हा दिंग सरांनी माझ्या हातून कागद घेतला, उभे राहिले, एक हात कमरेवर ठेवला आणि जुन्या संगीत नाटकातल्या दुष्ट सेनापतीच्या सुरात ती शिवी गायली. शेवटचं अक्षर त्यांनी एवढं लांबवलं, की खिडकीबाहेरचे दोन बूट थबकून उभे राहिले.

फांग बाईंनी टेबलावर डोकं टेकलं. मला वाटलं रडतायत. हसत होत्या.

त्यानंतर आम्हाला सूर सापडला. एकाने 'खाटीक' हा शब्द सलग चुकीचा लिहिला होता. दिंग सरांनी त्याला लाल पेनने दहापैकी तीन गुण दिले. एकजण रोज तीच मेल अकरा वेळा पाठवायचा. लिएन त्याला 'अकरावाले काका' म्हणायला लागला, आणि एक दिवस नऊच आल्या तर आम्हाला काळजी वाटली. खानावळीच्या आ-लान मावशी दुपारी टर्कीभाताचे डबे घेऊन आल्या, दारात उभ्या राहून दोन मेल ऐकल्या, पदर खोचावा तसा एप्रन खोचला आणि बसल्याच.

"मलापण द्या एक," म्हणाल्या. "तीस वर्षं पोरांच्या तक्रारी ऐकतेय, जेवणात मीठ नाही म्हणून. हे त्यापुढे काय आहे?"

असे आम्ही पाच. संध्याकाळी झान बाईंना एकच कागद जायचा: आज काय आलं, त्याचं काय केलं, आणि खाली दिंग सरांनी निवडलेली दिवसातली सगळ्यात विनोदी चूक. तिसऱ्या संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. "काल रात्री सलग झोपले."

४

आठव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी दहा वाजता मला एक मेल सापडली जी कुठल्याच ट्रेत बसेना.

नाव नाही, मायना नाही. एकच ओळ. 'यंत्रावरच्या पुडीची तारीख उलटलेली आहे.'

मी मोठ्याने वाचली. सगळे हसले. लिएनने पुडी उचलून पाहिली आणि त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. तारीख कालची होती.

"तूच पाठवलीस," फांग बाई म्हणाल्या.

"मी कशाला पाठवू? मला माहीत असतं तर पुडी बदलली नसती का?"

तो हडबडून गेला, कारण त्याच्या दृष्टीने तारीख उलटलेली पुडी हीच मोठी बातमी होती. तो धावत जाऊन नवी घेऊन आला. आम्ही ओळ पिवळ्या ट्रेत टाकली आणि विसरलो. मी मनाशी म्हटलं, खिडकीतून कुणी पाहिलं असेल. नंतर मी बाहेर जाऊन वाकून पाहिलं. तिथून टेबलाच्या एका कडेखेरीज काही दिसत नाही.

शुक्रवारी परत एक. 'मधल्या खिडकीची कडी सैल आहे.' दिंग सरांनी स्टुलावर चढून कडी हलवली. ती त्यांच्या हातात आली.

सोमवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी तिसरी आली. मी ती वाचली आणि लगेच मोठ्याने वाचली नाही.

'खोलीत आज सहा जण आहेत.'

मी मान वर केली. उजवीकडून मोजलं. फांग बाई, लिएन, दिंग सर, आ-लान मावशी, मी. डावीकडून मोजलं. पाच. सहावी खुर्ची टेबलाच्या त्या टोकाला, भिंतीकडे, रिकामी. झान बाई वर्गावर होत्या, फक्त मुळा आमच्याकडे ठेवलेला होता.

"कुत्रा धरून सहा," मावशी म्हणाल्या. "त्यात काय एवढं? कुत्र्याला जण म्हणणारा माणूस दिसतोय. बाईंना छळणाऱ्यांतलाच असणार."

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं. पण मुळा त्या वेळी खोलीत नव्हता. तो वर, जिन्याच्या तोंडाशी उन्हात झोपला होता.

५

लिएनने खोली पिंजून काढली. दिव्यांच्या टोप्या उघडल्या, टेबल उलटं केलं, कपाट सरकवलं. कॅमेरा नाही, काही नाही. मग मेल कुठून येते ते शोधत तो दोन दिवस बसला. बुधवारी माझ्या खुर्चीजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, जरा इकडे या."

कपाटामागच्या भिंतीत नेटवर्कची तार जोडायचं एक जुनं सॉकेट होतं. त्यावर पांढऱ्या रंगाचे दोन थर बसलेले. भोकंसुद्धा बुजलेली.

"यंत्रणा म्हणते, मेल इथून येते."

"यातून?"

"यातून. आणि याच्यामागची तार अकरा वर्षांपूर्वी छाटलीये. मी स्वतः जाऊन पाहिली. टोक हातात धरलं."

"मग यंत्रणा चुकत असेल."

"असेल," तो म्हणाला. त्याला यंत्रणा चुकते असं म्हणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आता सांगते ते मी कुठल्याच इतिवृत्तात लिहिलेलं नाही. त्या दिवसापासून मी आमचं हसणं ऐकायला लागले. दिंग सर काही वाचायचे, आम्ही खदखदून हसायचो, आणि थांबायचो. थांबल्यावर एक हसू उरायचं. अगदी जरासं, अर्ध्या श्वासाएवढं. जणू कुणाला विनोद उशिरा कळतोय, किंवा कुणी फार दिवसांनी हसतंय आणि कुठे थांबायचं ते त्याच्या लक्षात राहिलेलं नाही. खोली घुमते, मी म्हणायचे. छताचा दोष. पण घुमणारा आवाज आपल्यापैकीच कुणाचा तरी असतो, आणि हा पाचांतल्या कुणाचाच नव्हता.

मुळा मात्र खुशीत होता. आता तो खाली आला की थेट सहाव्या खुर्चीशी जायचा, बसायचा आणि डोकं तिरकं करून डोळे मिटायचा. कान मागे दुमडलेला. कानामागे खाजवल्यावर कुत्रे करतात ना, तसं.

मी एकदा फांग बाईंकडे पाहिलं. त्याही तिकडेच पाहत होत्या.

"उकडतंय," त्या म्हणाल्या. नोव्हेंबर संपत आला होता आणि त्यांच्या अंगात स्वेटर होता.

खोली बदलू या असं कुणीच म्हणालं नाही. का, ते सांगता येईल मला. आम्हाला तिथे जायला आवडत होतं. घरून निघताना मी गाणं गुणगुणायचे, नवरा विचारायचा, शिव्या वाचायला जातेस की लग्नाला? भीती होती. पाठीला ती रोज जाणवायची. पण पाच माणसं एका टेबलाशी बसून दुसऱ्या कुणाच्या पाठीवरचं ओझं वाटून घेतात, तेव्हा त्या टेबलाची एक ऊब तयार होते. भीती त्या उबेत बसायची, एवढंच.

६

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी, बारा वाजून चाळीस मिनिटांनी मेल आली.

'निळ्या स्कूटरचा मागचा ब्रेक कापलेला आहे.'

झान बाईंची स्कूटर निळी. घरी जाताना घाटातली सात वळणं.

लिएन डबा टाकून धावला. दहा मिनिटांनी धापा टाकत परत आला. "ब्रेक ठीक आहे. दोन्ही ठीक आहेत. गेटजवळच्या मिस्त्रीलाही दाखवला."

"लाल ट्रे," फांग बाई म्हणाल्या. "ही धमकी आहे. मी पोलिसांना कळवते."

"कळवा," दिंग सर म्हणाले. पण ते कागदाकडे पाहत राहिले. "मात्र ही धमकी नाही. आठशेच्या वर धमक्या आणि शिव्या वाचल्यात मी आता. प्रत्येकीत 'मी' असतो. मी तुला दाखवतो, मी तुला बघतो. याच्या एकाही ओळीत 'मी' नाही."

"मग काय आहे?"

"बातमी," ते म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. का कुणास ठाऊक. नोंदी मी ठेवते म्हणून असेल.

"पुडीचं खरं निघालं," मी म्हटलं. "कडीचं खरं निघालं. आपण हेही खरं समजू. स्कूटर तिथेच राहू दे. बाईंना फांग बाई गाडीने सोडतील. आणि लिएन, पहारेकऱ्यांना घेऊन तू सायकलींच्या छपरामागे बस."

"किती वेळ?"

"खरं होईपर्यंत."

तीन वाजून वीस मिनिटांनी, लख्ख उन्हात, पाण्याची गाळणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याचा गणवेश घातलेला एक माणूस स्कूटरींच्या रांगेतून सरळ चालत आला. निळ्या स्कूटरपाशी उकिडवा बसला. खिशातून पक्कड काढली. पहारेकरी उठेपर्यंत मागच्या ब्रेकची तार तुटली होती.

तो पळाला नाही. पक्कड हातात घेऊन तसाच बसून राहिला आणि म्हणाला, "माझी नऊ कुत्री आहेत डोंगरात. ती मारणार आहे त्यांना."

"कुणी सांगितलं तुला?" लिएनने विचारलं.

"सगळेच म्हणतात," तो म्हणाला.

७

दोन दिवसांनी पोलिसांनी त्याचा जबाब फांग बाईंना दाखवला. त्यांनी टिपून आणलेलं आम्हाला वाचून दाखवलं. मुळासुद्धा होता.

त्याने एकसष्ट धमक्या पाठवल्या होत्या, सगळ्या कबूल केल्या. आमच्या लाल ट्रेतल्या निम्म्याहून अधिक त्याच्याच. स्कूटर कधी ठरवली असं विचारलं तेव्हा म्हणाला, त्या दिवशी, दोन वाजता, जेवून उठल्यावर. त्याआधी असं काही डोक्यातही नव्हतं. मग पोलिसांनी पुडीची, कडीची, सहा जणांची मेल पुढे ठेवली.

"त्यावर तो म्हणाला," फांग बाईंनी कागद खाली ठेवला, "कसली खोली? तिथे खोली आहे हेच मला माहीत नव्हतं."

बारा चाळीस. दोन. तीन वीस. मी कागदावर तिन्ही वेळा एकाखाली एक लिहिल्या होत्या आणि त्या कितीही वेळा वाचल्या तरी क्रम बदलत नव्हता.

वर खिडकीतून एक जोडी चपला गेली. टेबलाखाली मुळ्याची शेपटी फरशीवर आपटत होती, टप, टप, टप.

मग आ-लान मावशी उठल्या. त्यांनी किटली उचलली, एक स्वच्छ कप घेतला, टेबलाला वळसा घालून त्या टोकाला गेल्या आणि सहाव्या खुर्चीपुढे चहा ओतला. थोडा बशीत सांडला.

"आभार मानायला नकोत का कुणी?" आमच्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "बाई वाचली ना?"

चहा कढत होता. वाफ सरळ वर चढत होती. खोलीत वारा नव्हता, खिडक्या बंद होत्या, मधलीला दिंग सरांनी दोरी बांधली होती. मी त्या वाफेकडे पाहत होते म्हणूनच मला दिसलं. वाफ वाकली. आमच्या बाजूला झुकली, परत सरळ झाली. पुन्हा वाकली. पुन्हा सरळ झाली. सावकाश, अंतराअंतराने.

कुणीतरी फुंकर घालत होतं.

"सगळ्यांना दिसतंय ना?" लिएनने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"दिसतंय," दिंग सर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी घसा खाकरला, पिवळ्या ट्रेतला वरचा कागद उचलला, आणि उठून उभे राहिले. "आज अकरावाले काका काय म्हणतात? ऐका."

त्यांनी गायलं. आवाज पहिल्या ओळीत फाटला, दुसरीत सापडला. आम्ही हसलो, आधी भीतीने, मग खरंच. आणि थांबलो. या वेळी कुणी मागे उरलं नाही. सगळे एकदमच थांबले.

८

डिसेंबरअखेरीस जिल्हा सभागृहात डोंगराबद्दल सुनावणी झाली. आधी ठरलं होतं की झान बाईंनी लेखी म्हणणं द्यावं, समोर येऊ नये. आदल्या दिवशी त्या कार्यालयात आल्या.

"ताई, ते पाकीट आहे का अजून?"

मी किल्ली काढली. खण उघडून दिलं. त्यांनी ते फाडलं, माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि म्हणाल्या, "उद्या मी बोलणार आहे. तुम्ही सगळे या. समोर बसा. मला हसरे चेहरे लागतील."

त्या अकरा मिनिटं बोलल्या. मागच्या बाकांवर पांढऱ्या ट्रेतली माणसं होती. बाईंनी अशा अडतीस जणांना स्वतः उत्तरं लिहिली होती, त्यातले पंचवीस आले. त्यातली एक निवृत्त परिचारिका उठली. बारा वर्षं रोज डोंगरात भात आणि मासे घेऊन जाणारी.

"मी तुम्हाला खूप वाईट लिहिणार होते," ती म्हणाली. "मग तुमच्या विद्यापीठाच्या पानावर वाचलं, वाद घाला, उत्तर मिळेल. म्हणून चांगलं लिहिलं. मला एवढंच सांगा, माझी कुत्री कुठे जातील?"

"पायथ्याशी," झान बाई म्हणाल्या. "जुन्या लाकूड गोदामात. छप्पर आहे, पाणी आहे. आणि मावशी, रोज खाऊ घालायला माणूस लागेल. तुमच्याइतकी त्यांची नावं कुणाला पाठ आहेत?"

ती बाई तिथेच नावं सांगायला लागली. तिसाव्या नावाला अध्यक्षांनी घंटा वाजवली आणि सभागृह हसलं. ठराव एकमताने झाला. कुलगुरू बाहेर येऊन पत्रकारांपुढे उभे राहिले आणि घामाघूम होऊन, पण न अडखळता म्हणाले, "त्या आमच्या प्राध्यापक आहेत." मी ते शब्द तासाच्या, मिनिटाच्या नोंदीसह लिहून ठेवलेत.

९

नव्या वर्षात समिती कायमची झाली. तोवर इतिहासाचे एक सर आणि एक डॉक्टर आपापल्या मेल घेऊन आमच्याकडे आले होते, मान खाली घालून, जणू त्यांचाच काही गुन्हा होता. तळघर पुरेना. विद्यापीठाने त्याच इमारतीतली, तिसऱ्या मजल्यावरची दक्षिणेकडची खोली दिली. मोठ्या खिडक्या, समोर सुपारीची बाग, दिवसभर ऊन.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही सामान हलवलं. लिएनने यंत्र बाळासारखं छातीशी धरून नेलं. दिंग सर ट्रे डोक्यावर घेऊन पायऱ्या चढले आणि प्रत्येक पायरीवर एक सूर लावत गेले. टेबल आणि खुर्च्या ग्रंथालयाच्या मालकीच्या, त्या तिथेच राहणार होत्या.

कुलूप लावायचं काम माझं. सगळे वर गेल्यावर मी एकटीच खाली उरले. खोली रिकामी होती. दिवा मालवला, दार ओढलं आणि किल्ली खिशातून काढली. तेवढ्यात आतून आवाज आला. खुर्ची सरकवण्याचा. ओढण्याचा नव्हे, पाहुणा जेवून उठल्यावर खुर्ची जपून पुन्हा टेबलाखाली सारतो, तसा.

मानेवरचा केस न् केस उभा राहिला. किल्ली बोटांत गार लागत होती. मला आठवतंय, मी मनात कारणं शोधली. लाकूड आकुंचन पावतं. उंदीर असतात. खोली घुमते. एकेक कारण पुढे आलं आणि माझ्याकडे बघून निघून गेलं.

वरून, तिसऱ्या मजल्यावरून, दिंग सरांचं गाणं आणि मावशींचं ओरडणं ऐकू येत होतं, "अहो, डबे आडवे करू नका!"

मी दार पुन्हा उघडलं. आत पाहिलं नाही. उंबऱ्याशी उभी राहून, भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "वर ऊन आहे. आणि तिथे जागा भरपूर आहे. यायचं असेल तर या."

आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. मी दार तसंच उघडं ठेवलं आणि जिना चढायला लागले.

पाचव्या पायरीवर असताना मागे पहिलं पाऊल वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. चपलेचं नव्हतं, बुटाचं नव्हतं. फार वर्षांनी जिना चढणारं माणूस प्रत्येक पायरी आधी चाचपून बघतं, तसं. माझ्या डोळ्यांत, कशाने कोण जाणे, पाणी होतं, आणि मला हसूही येत होतं.

मी मागे वळले नाही. कठडा धरला आणि पावलं जरा सावकाश टाकू लागले.